वस्तुअभिज्ञान, स्वयंचलित

ग्राहकाने निवडलेली वस्तू कोणती आहे हे बिल करण्याच्या ठिकाणी माणसाने न सांगता यंत्राने निश्चित करणे, यास स्वयंचलित वस्तुअभिज्ञान म्हणतात. वस्तूचे नाव निश्चित झाले की तिचा दर, तिच्यावरील कर व दुकानातील शिल्लक साठा या बाबी संगणकातील नोंदींवरून आपोआप ठरतात. त्यामुळे नाव चुकले तर पुढचे सर्व गणित बरोबर असूनही बिल चुकते. वेष्टनावर छापलेला बारकोड वाचणे हा अभिज्ञानाचा सर्वांत रूढ प्रकार होय. सुटे धान्य, भाजीपाला, फळे, पाव, मिठाई यांसारख्या ज्या वस्तूंवर असा संकेत नसतो, त्या त्यांच्या रंगरूपावरून व वजनावरून ओळखण्यास यंत्राला शिकविणे हा दुसरा प्रकार असून त्यासाठी यंत्र अध्ययन या संगणकशास्त्राच्या शाखेतील पद्धती वापरतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या दुसऱ्या प्रकाराची माहिती दिली आहे.

प्रश्नाचे स्वरूप : वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावातील किराणा दुकानात वस्तू ओळखण्याचा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही. ग्राहक अर्धा किलो तूरडाळ मागतो; दुकानदार ती स्वतः पोत्यातून काढतो, काट्यावर तोलतो व त्या पोत्याचा भाव त्याला ठाऊक असतो. वस्तू, तिचे नाव आणि तिचा भाव ही तिन्ही एकाच माणसाच्या हाती असतात. स्वयंसेवा पद्धतीच्या दुकानात ही साखळी तुटते. ग्राहक फळ्यांवरून माल स्वतः निवडतो आणि गल्ल्यावर येतो. तो माल कोणत्या खोक्यातून उचलला हे गल्ल्यावरील कर्मचाऱ्याने पाहिलेले नसते. मालापासून अलग झालेले हे ज्ञान दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा मिळविणे हाच स्वयंचलित अभिज्ञानाचा हेतू होय.

स्वयंसेवा दुकानाची पद्धत क्लॅरेन्स साँडर्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतील मेंफिस येथे उघडलेल्या ‘पिगली विगली’ या दुकानाने रूढ केली. महाराष्ट्रात ही पद्धत सर्वसामान्य ग्राहकांच्या परिचयाची करण्यात सहकारी भांडारांचा आणि पुढे साखळी दुकानांचा वाटा मोठा आहे. यांपैकी ‘डी-मार्ट’ या साखळीचे पहिले दुकान २००२ मध्ये मुंबईतील पवई येथे निघाले. अशा दुकानांत वेष्टित मालाबरोबर सुटी डाळ, कांदे-बटाटे व पालेभाज्याही विकल्या जातात आणि बारकोडाची सोय असूनही गल्ल्यावरील रांग बहुधा याच मालापाशी अडते.

इतिहास : काळ्या-पांढऱ्या रेषांच्या जाडीवरून वस्तूचा क्रमांक वाचण्याची कल्पना नॉर्मन जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर या अमेरिकन संशोधकांनी मांडली. त्यांनी १९४९ मध्ये अर्ज केलेले एकस्व (पेटंट) १९५२ मध्ये मंजूर झाले. तथापि स्वस्त संगणक व लेसर किरण उपलब्ध होईपर्यंत ही कल्पना व्यवहारात येऊ शकली नाही. अमेरिकेतील किराणा उद्योगाने १९७३ मध्ये एक सामाईक संकेत स्वीकारला आणि २६ जून १९७४ रोजी ओहायओ राज्यातील ट्रॉय येथील दुकानात च्युइंग गमच्या एका पुडक्यावरील संकेत वाचून पहिली विक्री नोंदविली गेली. पुढे युरोपात तेरा अंकी संकेत प्रचारात आला व भारतातही तोच वापरतात. ८९० या अंकांनी सुरू होणारे क्रमांक भारतातील संस्थेकडून दिले जातात. वस्तू भारतातच तयार झाली असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.

या संकेतातील तेरावा अंक पडताळ्यासाठी असतो. पहिल्या बारा अंकांपैकी विषम स्थानांवरील अंकांची बेरीज आणि सम स्थानांवरील अंकांच्या बेरजेची तिप्पट यांची एकूण बेरीज करतात. तीत जो अंक मिळविल्याने दहाची पट होते तो पडताळा अंक होय. उदा., ८९०१२३४५६७८९ या अंकांत विषम स्थानांची बेरीज २८ व सम स्थानांची ३४ येते. २८ + ३ × ३४ = १३० ही संख्या दहाचीच पट असल्याने पडताळा अंक ० ठरतो. एखादा अंक चुकीचा वाचला गेल्यास हे गणित जुळत नाही व यंत्र वाचन नाकारते. म्हणजे चुकीचे नाव देण्यापेक्षा नाव न देणे बरे, हे तत्त्व बारकोडात मुळापासूनच अंतर्भूत आहे. चित्रावरून अभिज्ञान करणाऱ्या यंत्रांत ते मुद्दाम आणावे लागते, हे पुढे दिसून येईल.

बारकोडालाही मर्यादा आहेत. भारतात वेष्टित वस्तूंवर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते; पण जुन्या व नव्या किंमतीच्या पुड्यांवर संकेत एकच असू शकतो. त्यामुळे संकेत बरोबर वाचूनही किंमत कोणती हे कर्मचाऱ्याला पुडा उलटून पाहावे लागते. सुट्या मालाला तर संकेतच नसतो. त्यासाठी पाश्चात्त्य देशांत फळभाज्यांना चार अंकी क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली, उदा., नेहमीच्या पिवळ्या केळ्याचा क्रमांक ४०११ आहे. असे शेकडो क्रमांक पाठ ठेवणे नवख्या कर्मचाऱ्याला कठीण जाते आणि ग्राहक स्वतःच बिल करीत असल्यास महाग फळाच्या जागी स्वस्त फळाचा क्रमांक दाबण्याचा मोहही होतो.

या अडचणीवर उपाय म्हणून ‘आयबीएम’ या कंपनीच्या संशोधकांनी ‘व्हेजीव्हिजन’ नावाची प्रणाली तयार केली व १९९६ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. तीत वजनकाटा व कॅमेरा एकत्र बसविले होते. काट्यावर भाजी ठेवताच तिची प्रतिमा घेऊन रंग, पोत इ. गुणधर्म आधी साठविलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिले जात. यंत्राला खात्री असल्यास ते स्वतः निर्णय घेई, अन्यथा काही पर्याय पडद्यावर दाखवी व माणूस त्यांतून निवड करी. योग्य नाव पहिल्या चार पर्यायांत येण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक होते. जपानमध्ये निशिवाकी येथील ‘ब्रेन’ या छोट्या कंपनीने पावांच्या दुकानांसाठी अशीच एक प्रणाली तयार करून २०१३ मध्ये बाजारात आणली. तेथील दुकानांत अनेक प्रकारचे पाव वेष्टनाशिवाय मांडलेले असतात आणि एकाच प्रकारचे दोन पावही हुबेहूब सारखे नसतात. तबकातील सर्व पाव यंत्र एकदम ओळखते. ज्याबद्दल शंका असेल तो वेगळ्या रंगाच्या रेषेने दाखवून विक्रेत्याकडून खात्री करून घेते.

कार्यपद्धती : संगणकाच्या दृष्टीने प्रतिमा म्हणजे अंकांचे कोष्टक होय. ६४० × ४८० बिंदूंच्या प्रतिमेत ३,०७,२०० बिंदू असतात व प्रत्येक बिंदूचा तांबडा, हिरवा व निळा अंश मिळून एकूण ९,२१,६०० अंक होतात. या अंकांवरून ‘ही मेथीची जुडी आहे’ असा निष्कर्ष काढण्याचे नियम माणसाने लिहून देणे जवळजवळ अशक्य आहे. कारण मेथी हिरवी तशी कोथिंबीरही हिरवी, आणि सकाळची मेथी व दुपारी सुकलेली मेथी यांचे अंक एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून नियम लिहिण्याऐवजी नावासह पुष्कळ उदाहरणे देऊन यंत्राकडूनच नियम बसवून घेतात. यास यंत्र अध्ययन म्हणतात.

यासाठी सध्या मुख्यतः बहुस्तरीय तंत्रिका जाल वापरतात. या जालाचा प्रत्येक स्तर म्हणजे आधीच्या स्तरातील अंकांना निरनिराळ्या गुणकांनी गुणून केलेल्या बेरजांचा संच असतो. आरंभीचे स्तर कडा, ठिपके व रंगबदल टिपतात. त्यांच्या संयोगातून पुढील स्तरांत पानाची कातर, देठाचा जाडपणा, सालीवरील खडबडीतपणा अशी लक्षणे तयार होतात. शेवटच्या स्तरातून प्रत्येक नावासाठी एक गुण मिळतो. उदा., कोथिंबीर ०·६२, मेथी ०·३० आणि शेपू ०·०८. उत्तर चुकल्यास चुकीचे माप काढून ते कमी होईल अशा बेताने सर्व गुणक किंचित बदलतात. ही क्रिया लक्षावधी वेळा केली म्हणजे गुणक स्थिरावतात व जाल शिकले असे म्हणतात.

तंत्रिका जालाची आरंभीची कल्पना फ्रँक रोझेनब्लाट यांनी १९५८ मध्ये मांडली होती. यान ल कन यांनी १९८९ मध्ये हस्तलिखित अंक वाचण्यासाठी तिचा यशस्वी उपयोग करून दाखविला. मात्र या पद्धतीला खरी गती २०१२ मध्ये मिळाली. त्या वर्षी ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्सकेव्हर व जेफ्री हिंटन यांच्या जालाने एक हजार प्रकारच्या वस्तूंची चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत पहिल्या पाच उत्तरांतील चुकांचे प्रमाण १५·३ टक्क्यांवर आणले. दुसऱ्या क्रमांकाच्या पद्धतीचे ते २६·२ टक्के होते. पुष्कळ चित्रे व वेगवान संगणक उपलब्ध झाले तर जुनीच कल्पना फार पुढे जाऊ शकते, हे यावरून दिसून आले आणि दुकानातील अभिज्ञानासाठीही हीच पद्धत स्वीकारली गेली.

अडचणी : स्पर्धेतील यश जसेच्या तसे गल्ल्यावर मिळत नाही. दुकानात वस्तूंचे प्रकार हजारोंनी असतात व दर आठवड्याला त्यांत भर पडते. वेष्टनाची रंगसंगती बदलते. वस्तू एकमेकींखाली झाकल्या जातात. भाजी पातळ पिशवीत असल्यास पिशवीची चकाकीच प्रतिमेत ठळक दिसते. एकाच बिस्किटाचे ५० ग्रॅमचे व १०० ग्रॅमचे पुडे चित्रात सारखे दिसतात. कारण प्रतिमेत आकार कळतो, पण माप कळत नाही. ऋतूनुसार फळाचा रंग बदलतो; पाडाला आलेला आंबा आणि पिकलेला आंबा माणसाला एकच वाटले तरी यंत्राला तसे वाटतीलच असे नाही.

यांतील मूलभूत अडचण अशी की, ज्या परिस्थितीत यंत्र शिकते ती आणि ज्या परिस्थितीत ते काम करते ती एक नसते. ही अडचण अभ्यासण्यासाठी २०१९ मध्ये चीनमधील संशोधकांनी २०० वस्तूंच्या ८३,७३९ प्रतिमांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील शिकविण्याच्या प्रतिमांत फिरत्या तबकडीवर ठेवलेली एकेक वस्तू स्वच्छ प्रकाशात दिसते. परीक्षेच्या प्रतिमांत मात्र अनेक वस्तू गल्ल्यावर ठेवाव्यात तशा पसरलेल्या असतात. पहिल्या प्रकारच्या प्रतिमांवरच शिकलेले जाल दुसऱ्या प्रकारात फार चुका करते असे आढळून आले. तसेच परक्या देशातील प्रतिमांवर शिकलेल्या यंत्राला जांभळे लांबट वांगे ठाऊक असते. पण भरताचे मोठे हिरवे वांगे, काटेरी देठाचे लहान वांगे किंवा अंबाडीची जुडी त्याने कधी पाहिलेली नसते. अशा वेळी ते ‘ठाऊक नाही’ असे म्हणत नाही. ठाऊक असलेल्या नावांपैकी सर्वांत जवळचे नाव देऊन मोकळे होते.

सुधारणेच्या पद्धती : (१) स्थानिक नमुने : सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे ज्या गल्ल्यावर यंत्र वापरावयाचे तेथील प्रकाशात, तेथील कॅमेऱ्याने आणि तेथे येणाऱ्या मालाच्या प्रतिमा घेऊन शिकविणे हा होय. सुकलेली, पिशवीतील व अर्धवट झाकलेली भाजी या प्रतिमांत असावी लागते.

(२) कृत्रिम प्रतिमा : एकेक वस्तूच्या प्रतिमा कापून त्या संगणकावर एकत्र मांडतात, त्यांवर सावली व प्रकाश चढवून गल्ल्यावरील पसाऱ्यासारखे दृश्य तयार करतात. वर उल्लेखिलेल्या संग्रहाच्या निर्मात्यांनी हाच मार्ग अवलंबिला व त्यामुळे चुका बऱ्याच कमी झाल्या. यात कोणती वस्तू कोठे आहे हे आधीच ठाऊक असल्याने माणसांकडून नावे लावून घेण्याचे श्रम वाचतात.

(३) वजनाचा पडताळा : प्रतिमेला वजनाची जोड दिल्यास तिच्यातील अनेक संदिग्धता नाहीशा होतात. ५० व १०० ग्रॅमच्या पुड्यांतील फरक काटा तत्काळ दाखवितो. अनेक वेष्टित वस्तू एकदम ठेवल्यास यंत्राने दिलेल्या यादीतील वजनांची बेरीज काट्यावरील वजनाशी जुळली पाहिजे. ती न जुळल्यास यादीत कोठेतरी चूक आहे हे कळते. बारकोडातील पडताळा अंकाचे काम येथे काटा करतो.

(४) साम्यावर आधारित नोंद : प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्र नाव शिकविण्याऐवजी प्रतिमेचे काही शे अंकांच्या मालिकेत रूपांतर करण्यास जालाला शिकवितात. सारख्या वस्तूंच्या मालिका जवळजवळ व वेगळ्यांच्या दूर येतात. नवी वस्तू दुकानात आली की तिच्या थोड्या प्रतिमांच्या मालिका साठविल्या म्हणजे पुरे. सर्व जाल पुन्हा शिकविण्याची गरज राहत नाही. शिवाय एखादी मालिका कोणत्याच नोंदीच्या जवळ येत नसेल, तर वस्तू अनोळखी आहे असे यंत्राला सांगता येते.

(५) शंकेची मर्यादा : सर्वांत वरच्या पर्यायाचा गुण ठरविलेल्या मर्यादेपेक्षा कमी असल्यास किंवा पहिल्या दोन पर्यायांतील अंतर थोडे असल्यास यंत्राने निर्णय न घेता विचारावे, अशी योजना करतात. येथे एक सावधगिरी आवश्यक असते. तंत्रिका जाल चुकीचे उत्तरही पुष्कळदा मोठ्या गुणासह देते. म्हणून ०·९ गुण मिळालेल्या उत्तरांपैकी खरोखर शंभरात नव्वद बरोबर येतात काय, हे वेगळ्या प्रतिमांवर तपासून गुणांची जुळणी करावी लागते.

(६) वापरातून अध्ययन : कर्मचाऱ्याने दुरुस्त केलेली प्रत्येक नोंद हे नवे उदाहरण असते व त्यावरून यंत्र पुन्हा शिकू शकते. तथापि घाईत कर्मचारी पडद्यावरचा पहिलाच पर्याय दाबत असेल, तर यंत्र स्वतःचीच चूक सत्य म्हणून शिकते आणि दर फेरीत ती अधिक पक्की होते. म्हणून अशा नोंदींपैकी काही नोंदी जाणत्या माणसाने निवांतपणे तपासल्याखेरीज त्यांचा उपयोग करू नये, असे तज्ञ मानतात.

अचूकतेचे मापन : निर्माते बहुधा दर वस्तूमागील अचूकता सांगतात. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र संपूर्ण बिल बरोबर असणे महत्त्वाचे असते. दर वस्तूमागे अचूकता ९९ टक्के असल्यास आणि चुका परस्परांवर अवलंबून नाहीत असे मानल्यास वीस वस्तूंचे बिल पूर्ण बरोबर येण्याची संभाव्यता (०·९९)^२०, म्हणजे सु. ०·८२ असते. याचाच अर्थ सरासरीने दर शंभर बिलांपैकी अठरांत काही ना काही चूक राहते. तीच अचूकता ९८ टक्के असल्यास चुकीच्या बिलांची संख्या शंभरात तेहतीस होते. चुकीच्या बिलांचे प्रमाण शंभरात दोनवर आणावयाचे असल्यास दर वस्तूमागे ९९·९ टक्के अचूकता लागते. संशोधनक्षेत्रातही हे लक्षात घेऊन आता संपूर्ण यादी बरोबर येण्याचे प्रमाण हे वेगळे माप वापरतात.

चुकांची दिशाही पाहावी लागते. स्वस्त वस्तूला महाग नाव मिळाले तर तोटा ग्राहकाचा होतो, उलट झाल्यास दुकानदाराचा. समजा, ४० रुपये किलोच्या भाजीला ६० रुपये किलोच्या भाजीचे नाव लागले, तर सव्वा किलोमागे ग्राहक २५ रुपये जास्त देतो. दुकानदाराला आपला तोटा महिन्याच्या साठ्याच्या ताळ्यात दिसतो. ग्राहकाजवळ तसा ताळा नसतो. त्यामुळे शंकेची मर्यादा केवळ दुकानदाराच्या सोयीने ठरविल्यास एका दिशेच्या चुका कमी होत जातात आणि दुसऱ्या दिशेच्या तशाच राहतात. दोन्ही दिशांच्या चुका स्वतंत्रपणे मोजणे हाच यावर उपाय होय.

वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ अन्वये व्यापारातील काट्यांची ठराविक मुदतीने पडताळणी करून त्यांवर मुद्रांकन केले जाते. या तपासणीत वजन खरे आहे काय एवढेच कळते. काटा बिनचूक असूनही नाव चुकीचे असेल, तर आकारणी चुकीचीच होते. म्हणून वस्तूचे नाव, तिचा दर व वजन ही तिन्ही पैसे देण्यापूर्वी ग्राहकाला त्याच्या भाषेत व वाचता येईल अशा अक्षरांत दिसणे हा या यंत्रणेचा गौण भाग नसून तिच्यातील शेवटचा पडताळा आहे.

प्रतिमेच्या मर्यादा : काही भेद कितीही चांगल्या कॅमेऱ्याला दिसू शकत नाहीत, कारण ते रूपात नसतातच. आंबेमोहोर व त्याच्यासारखा दिसणारा दुसरा तांदूळ यांतील फरक घरातील जाणते माणूस वासाने व शिजविल्यावर ओळखते. कोकणातील हापूस आंब्याला २०१८ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले; पण तसाच दिसणारा परप्रांतीय आंबा शेजारी ठेवल्यास केवळ छायाचित्रावरून उगमस्थान सांगणे भरवशाचे नाही. सेंद्रिय व रासायनिक खतांवर वाढविलेली भाजी यांचेही तसेच आहे. अशा बाबतींत यंत्राला अधिक शिकविण्याने प्रश्न सुटत नाही. मालाची माहिती शेतापासून किंवा बाजार समितीपासून मालाबरोबरच आली पाहिजे, म्हणजे खोक्यावर खूणचिठ्ठी असली पाहिजे.

दुसऱ्या टोकाचा प्रयोग म्हणजे गल्लाच नसलेले दुकान. ‘ॲमेझॉन’ या कंपनीने २२ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतील सिॲटल येथे असे दुकान लोकांसाठी उघडले. छतावरील कॅमेरे व फळ्यांतील वजनमापके यांच्या आधारे ग्राहकाने काय उचलले हे ठरवून तो बाहेर पडल्यावर आकारणी केली जाई. त्याच कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढून घेण्याचे ठरविले व त्याऐवजी वस्तू ओळखणाऱ्या ढकलगाड्यांवर भर दिला. त्यांत टाकलेल्या मालाची यादी ग्राहकाला तत्काळ दिसते. या प्रणालीला शिकविण्यासाठी चित्रणे पाहून नावे लावण्याचे काम माणसे करीत व त्यांत भारतातील कर्मचारीही असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. स्वयंचलित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणेमागेही पुष्कळ मानवी श्रम असतात, हे यावरून लक्षात येते.

सामाजिक बाजू : गल्ल्यावरील काम हे अल्पशिक्षित तरुण-तरुणींना मिळणारे रोजगाराचे एक साधन आहे. यंत्र आल्यास ते काम कमी होते, की कर्मचारी ग्राहकांच्या मदतीकडे वळविला जातो, हे दुकानदाराच्या धोरणावर अवलंबून राहते. यंत्राच्या चुकीचा भुर्दंड कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल होणार नाही, हेही पाहणे अगत्याचे आहे. कॅमेऱ्याचा रोख काट्यावरील मालाकडे ठेवल्यास अभिज्ञानासाठी ग्राहकाचा चेहरा टिपण्याची गरज नसते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये अधिनियम झाल्यावर या खबरदारीला अधिक महत्त्व आले आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात या तंत्राचा विचार निराळ्या क्रमाने करावा लागतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीमुळे खेड्यातील दुकानातही भ्रमणध्वनीने चौकटीदार संकेत टिपून पैसे देणे नित्याचे झाले आहे. म्हणजे बारकोड वाचणारे यंत्र दुकानात येण्यापूर्वीच रक्कम चुकती करण्याची क्रिया स्वयंचलित झाली. वस्तू ओळखण्याची क्रिया दुकानदाराच्या डोळ्यांवर राहिली. जेथे तो स्वतः माल काढून देतो तेथे अभिज्ञानाच्या यंत्राची निकड नाही. स्वयंसेवा दुकाने, सहकारी भांडारे व महिला बचत गटांची विक्रीकेंद्रे वाढतील तशी ती भासू लागेल. अशा ठिकाणी वीज व दूरसंपर्क खंडित झाला तरी चालू शकेल असा काट्याशेजारचा लहान संगणक, परिसरात पिकणाऱ्या मालाच्या तेथेच घेतलेल्या प्रतिमा, मराठीतून नाव व दर दाखविणारा पडदा आणि शंका आल्यास विक्रेत्याला विचारणारे यंत्र या चार गोष्टी पुरेशा ठरतात. तूर, मूग, उडीद यांच्या डाळी रंगावरून सहज ओळखता येतात. तूरडाळीतील प्रती आणि लाखेच्या डाळीची भेसळ ओळखण्यासाठी मात्र आजही नमुना हातावर घेऊन पाहणारा जाणकार किंवा प्रयोगशाळा यांचाच आधार घ्यावा लागतो.